उन्हाळ्यात गेम अर्ध्या वेगावर: २०१७ चा डेस्कटॉप, आधी काय तपासू?

जिनिंगमागची_गल्ली (धरणगाव)

राम राम भाऊसहोन. मशीन २०१७ चं आहे. प्रोसेसर (सीपीयू) आय५-६५००, एच११० मदरबोर्ड, डीडीआर४ रॅमची ८ जीबीची एकच स्टिक, ग्राफिक्स कार्ड (जीपीयू) जीटीएक्स १०६० ६ जीबी, १ टीबी हार्ड डिस्क (विंडोज १० आणि गेम दोन्ही तिच्यावरच), कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), ६०० व्हीएचा यूपीएस.

त्रास असा: काउंटर-स्ट्राइक २ लावला की सुरुवातीला ९०-१०० एफपीएस (सेकंदाला चित्रं) मिळतात. पंधरा-वीस मिनिटांत ४५-५० वर येतात आणि तिथेच राहतात. जीटीए ५ मध्ये गाडी जोरात पळवली की रस्ता आणि इमारती उशिरा उमटतात, मधेच एक-दोन सेकंद चित्र गोठतं. संध्याकाळी लाईट डिम असताना दोनदा मशीन आपोआप रीस्टार्ट झालं. जानेवारीत एवढं नव्हतं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर काढून नवा टाकून पाहिला, फरक शून्य. दुकानदार म्हणतो कार्ड गेलं, नवं घ्या. आते काय करानं?

तापीकाठ (भुसावळ)

भाऊ, कार्ड घेऊ नका. निदान आठवडाभर तरी नाही. तुम्ही तक्रार एक लिहिली, पण त्यात दुखणी तीन दिसतात. वीस मिनिटांनी वेग उतरतो ती उष्णता. इमारती उशिरा उमटतात ती डिस्क किंवा रॅम. रीस्टार्ट होतं ती वीज. तिघांना एकाच औषधाने गाठायला गेलात तर पैसे जातील आणि कळणार काहीच नाही.

आधी मोजा. एचडब्ल्यूइन्फो ६४ (तापमान आणि वेग मोजणारं सॉफ्टवेअर) उतरवा, उघडताना फक्त सेन्सर्सवर खूण करा आणि खालच्या पट्टीतल्या लॉगिंगच्या बटणाने नोंद चालू ठेवून अर्धा तास गेम खेळा. मधे थांबवू नका, अल्ट-टॅब करून आकडे बघत बसू नका. गेम मागे गेला की भार उतरतो आणि तापमान खोटं दिसतं. नंतर हे पाहा: सीपीयू पॅकेजचं तापमान, कोअर क्लॉक (चिपचा वेग), 'कोअर थर्मल थ्रॉटलिंग' (तापल्यामुळे वेग उतरवणं) समोर येस आलं का, जीपीयूचं तापमान, त्याचा क्लॉक, त्याचा फॅन किती टक्के, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क व मेमरी किती भरली.

आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती: कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला, हवा आत जाते तिथे, साधा खोलीचा थर्मामीटर ठेवा. इंटरनेटवरचे 'नॉर्मल तापमान' बहुतेक २०-२५ डिग्रीच्या खोलीतले असतात. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी खोलीच ४० ला असते. खोली जेवढी तापते, जवळपास तेवढेच चिप्सचे आकडे वर सरकतात. म्हणून नुसता आकडा पाहू नका, खोलीपेक्षा किती वर आहे तो फरक पाहा. ९० डिग्रीचा सीपीयू ४२ च्या खोलीत वेगळा आणि १५ च्या खोलीत वेगळा. जानेवारीत त्रास नव्हता याचं कारण तेव्हा दुखणं नव्हतं असं नाही. थंडीने ते झाकून ठेवलं होतं.

जिनिंगमागची_गल्ली

दुपारी ४ वाजता मोजलं. खोली ४१. सीपीयू ९८ ते १००, थ्रॉटलिंग येस, क्लॉक ३.३ गिगाहर्ट्झवरून २.४ पर्यंत उतरला. जीपीयू ८४, क्लॉक १८७० वरून १६२० च्या आसपास, फॅन ९६ टक्के. जीटीएच्या वेळी डिस्क सतत १०० टक्के, मेमरी ७.९ पैकी ७.४ जीबी. कॅबिनेट टेबलाच्या लाकडी कप्प्यात आहे.

तापीकाठ

मग उष्णतेचं कोडं सुटलंच. आय५-६५०० ची मर्यादा १०० डिग्री. तिथे पोचला की तो स्वतःच क्लॉक उतरवतो, जळत नाही. ६५ वॉटची चिप आहे; सोबतचा कूलर नीट बसलेला असेल तर गेममध्ये खोलीपेक्षा साधारण ३०-३५ डिग्री वर जावा. तुमचा ५८ वर आहे. हे उन्हाळ्याचं पाप नाही, कूलरचं आहे.

कार्डाचं गणित जरा निराळं. १०६० चं ठरलेलं लक्ष्य ८३ डिग्री असतं. तिथे पोचलं की ते फॅन वाढवतं आणि क्लॉक १३-१३ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली आणतं. त्यामुळे तापमान ८३-८४ वरच अडकलेलं दिसतं आणि माणूस म्हणतो, ठीक आहे की. फॅन बघायचा असतो. ९६ टक्के फॅन लावूनही ८४, म्हणजे हवा फॅनखालच्या धातूच्या पात्यांच्या आत जातच नाहीये. कार्ड मात्र मेलेलं नाही: १६२० अजूनही त्याच्या १५०६ च्या बेस क्लॉकच्या (ठरलेल्या मूळ वेगाच्या) वर आहे.

साफसफाईच्या आधी एक सोपी परीक्षा करा. कॅबिनेट कप्प्याबाहेर काढा, बाजूचं झाकण उघडा, तोच गेम पुन्हा खेळा. सीपीयू पाच-सात डिग्री किंवा जास्त उतरला तर हवेचा रस्ता बंद होता. एक-दोनच उतरला तर कूलर आणि चिप यांच्यात नीट टेकण नाही: मधली थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारा लेप) वाळलेली किंवा कूलरची पिन उचकटलेली.

कापूसवात (चोपडा)

जिनिंगच्या मागे राहता म्हटल्यावर धूळ नव्हे, रुवाट शोधा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ फुंकरीने उडते, कापसाची तूस उडत नाही. ती फॅन आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांच्या मधोमध नमद्यासारखी जमते. वरून फॅन चकाचक दिसतो, खाली गादी असते. म्हणून फॅन पात्यांवरून सुटा करून पाहिल्याशिवाय 'साफ केलं' म्हणू नका.

पद्धत: मशीन पाच मिनिटं चालवून मग बंद करा, पेस्ट जरा मऊ होते. भिंतीवरचं बटण बंद, वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज उतरवा. कॅबिनेट अंगणात न्या, खोलीत नको. ब्लोअर मारताना प्रत्येक फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा; हवेने तो ठरलेल्या वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरतो आणि बेअरिंग जातं. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर वापरू नका, त्यातून पाणी आणि तेल येतं. घरातला व्हॅक्युम क्लीनरही नको, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते. एक इंची रंगाचा मऊ कोरडा ब्रश पुरतो.

सीपीयू कूलरच्या चार काळ्या पिना: डोक्यावर बाण आहे, त्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायच्या. कूलर सरळ उपटू नका, डावी-उजवीकडे हलकं पिळून सोडवा. (इंटेलच्या या सॉकेटात चिप पत्र्याखाली अडकलेली असते, त्यामुळे कूलरबरोबर उपटून येत नाही. एएमडीच्या एएम४ वर ही भीती खरी आहे.) जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी, बस्स. जास्त घातली म्हणून जास्त थंड होत नाही.

बसवताना बहुतेकांची चूक होते ती इथे. चारही पिना आधी मूळ स्थितीत फिरवून घ्या, चारही भोकांवर बसल्या का पाहा, मग समोरासमोरच्या कोपऱ्यातल्या दोन एकदम दाबा, 'टक्' ऐका, मग उरलेल्या दोन. नंतर बोर्डाच्या मागून बॅटरी मारून बघा: पांढऱ्या पायांच्या मधून काळी पिन चारही ठिकाणी आरपार दिसली पाहिजे. एक जरी वर राहिली तर कूलर तिरका टेकतो आणि नेमके तुमच्यासारखे आकडे येतात.

कार्ड उघडायची सवय नसेल तर फक्त वरचं प्लास्टिकचं आवरण आणि फॅन काढून पाती साफ करा. एवढ्याने भागलं तर चिपपर्यंत जाऊ नका. जावंच लागलं तर चिपभोवतीचे चार स्प्रिंगचे स्क्रू थोडे-थोडे आळीपाळीने सैल करा, फॅनची बारीक वायर ओढू नका, आणि मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले तर अंदाजाने दुसरे लावू नका. अर्धा मिलिमीटर जाड पडला तरी चिपवरचा दाब सुटतो. कार्डाच्या चिपला वर झाकण नसतं, म्हणून तिथे थेंब न ठेवता पेस्ट सगळ्या पृष्ठभागावर पातळ पसरायची.

फॅन कुरकुरत असेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब स्टिकरखाली चालतो, पण तो तात्पुरता उपाय, पुढेमागे फॅन बदलायचाच. खोबरेल घालू नका. उन्हाळ्यात पळतं आणि डिसेंबरात २४ डिग्रीच्या खाली गोठून फॅन अडवतं.

जळगाव_रात्रपाळी

हवेबद्दल एवढंच: लाकडी कप्पा कायमचा सोडा, मागे भिंतीपासून वीतभर जागा. पुढे १२० मिमीचा एक फॅन आत ओढणारा, मागे एक बाहेर फेकणारा. जिनिंगच्या हंगामात पुढच्या फॅनवर बारीक जाळी आणि ती दर रविवारी झटकायची. डेझर्ट कूलर खोली गार करायला वापरा, पण त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. ओली हवा फारशी त्रास देत नाही, उडणारे थेंब देतात. बोअरचं पाणी जड, थेंब वाळला की मागे क्षार राहतो.

वायरमनगिरी (धुळे)

रीस्टार्टवर बोलतो, कारण तापलेला सीपीयू आधी हळू होतो, असा धाडकन बंद सहसा पडत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' दिसेल. लोक तेच निदान समजतात. त्याचा अर्थ फक्त 'विंडोज नीट बंद न होता मशीन पुन्हा सुरू झालं' एवढाच. कशामुळे ते त्यात लिहिलेलं नसतं.

एसएमपीएसच्या बाजूचं स्टिकर वाचा. मोठ्या अक्षरातलं ४५० सोडून द्या, १२ व्होल्टच्या रकान्यात अँपिअर किती ते पाहा. तिथे १६ असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. तुमच्या सीपीयूचे ६५ आणि कार्डाचे १२० मिळून १८५, वर डिस्क, फॅन, बोर्ड. नवा असतानाही काठावर, आणि नऊ वर्षं उन्हात तापलेल्या कपॅसिटरचा काय भरवसा?

मल्टिमीटर असेल तर गेम चालू असताना रिकाम्या मोलेक्सच्या (एसएमपीएसच्या चार पिनांच्या जोडाच्या) पिवळ्या आणि काळ्या वायरीत मोजा. ११.४ ते १२.६ व्होल्ट ही मुभा. भार आला की ११.४ च्या खाली जात असेल तर एसएमपीएस बदला. सॉफ्टवेअरमधला १२ व्होल्टचा आकडा धरू नका, बऱ्याच बोर्डांवर तो चुकीचा दिसतो. एसएमपीएस स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज राहतो.

दुसरा संशयित यूपीएस. ६०० व्हीएचे बहुतेक ३६० वॉटच देतात, आणि आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आपल्या उन्हात दोन-अडीच वर्षांत दमते. व्होल्टेज खाली गेलं, कूलर नाहीतर फ्रिज सुरू झाला, की यूपीएस बॅटरीवर उडी मारतो आणि तिथे जीवच नसतो. परीक्षा सोपी: यूपीएस चालू ठेवून भिंतीचं बटण बंद करा, डेस्कटॉपवर नुसतं असताना आणि मग गेममध्ये, दोनदा. (गेम सेव्ह करून, महत्त्वाचं काही उघडं न ठेवता.) नुसतं असताना टिकतं आणि गेममध्ये पडतं, तर बॅटरी किंवा यूपीएसची क्षमता. भिंतीवर थेट लावूनही गेममध्ये रीस्टार्ट, तर एसएमपीएस. वायरमन घरी येईल तेव्हा न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती व्होल्ट येतात तेही मोजून घ्या. दोन-तीनच्या वर दिसले तर अर्थिंगचं काम आधी, नवं सामान नंतर.

फैजपूर_केळीबाग

एवढं सगळं करत बसण्यापेक्षा फॉरमॅट मारा आणि नवं आरटीएक्स कार्ड घ्या. नऊ वर्षं झाली राव.

तापीकाठ

केळीबाग, कार्ड बदलून हेच्या हेच होईल. काउंटर-स्ट्राइक २ सीपीयूवर जड आहे आणि या आय५ मध्ये चार कोअर, चारच थ्रेड. नवं कार्ड ५० टक्क्यांवर झोपा काढेल. वर त्या एसएमपीएसवर ते लावणार? एच११० वर आय७-६७०० चालतो, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर ७७०० सुद्धा. आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच सॉकेटात बसल्यासारखे दिसतात, पण चालत नाहीत. जुन्या बाजारात त्यात फसू नका.

शिवाय हे मशीन आता उताराला लागलंय, ते मान्यच. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे सहाव्या पिढीवर नाही. कुणी जबरदस्तीने टाकून देत असेल तर विंडोजच्या सुरक्षा सेटिंग्जमध्ये 'कोअर आयसोलेशन'मधली मेमरी इंटिग्रिटी चालू आहे का पाहा. सातव्या पिढीच्या आधीच्या सीपीयूंत तिला लागणारी हार्डवेअरची मदत नाही, त्यामुळे एफपीएस जास्त खाते. बंद करायची तर सुरक्षा कमी होते हे समजून करा. १० मालिकेच्या कार्डांना नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद आहेत, फक्त सुरक्षेचे येत राहतील. म्हणून माझा हिशोब असा: पुढच्या मशीनमध्ये नेता येईल त्यावरच खर्च करा. एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि चांगला एसएमपीएस नेता येतो. सीपीयू आणि बोर्डावर आता रुपया नको.

चाळीसगाव_घाट

डिस्कचं राहिलं. क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींचे रॉ आकडे पाहा. (आधी मेनूतून रॉ व्हॅल्यू दशमानात करून घ्या, नाहीतर हेक्समध्ये दिसतात.) सी५ म्हणजे डिस्कचे जे सेक्टर (छोटे तुकडे) वाचताना अडकतात ते. शून्याच्या वर असेल तर डीफ्रॅग, चेकडिस्क काही चालवू नका, आधी फोटो-कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा. घासायचं ते नंतर.

तिन्ही शून्य असले तरी २०१७ ची फिरती डिस्क आणि ८ जीबी मेमरी ही जोडी वाईटच. मेमरी भरली की विंडोज उरलेलं पेजफाइलमध्ये, म्हणजे त्याच डिस्कवर लिहितं, गेम त्याच डिस्कवरून वाचतो, आणि सुई दोन्हीकडे पळते. इमारती उशिरा उमटतात त्या याच्यामुळे. ५०० जीबीची साटा एसएसडी घ्या, जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल (क्लोन) न करता ताजं विंडोज टाका, गेम तिच्यावर आणा. विंडोज टाकताना जुनी डिस्क सोडवून ठेवा, नाहीतर बूटची फाइल तिच्यावरच जाऊन बसते आणि ती काढली की मशीन उठत नाही.

रॅमची दुसरी ८ जीबीची स्टिक घाला. या बोर्डात दोनच खाचा, दोन्ही भरल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही स्टिक एकदम वापरल्या जातात. ३२०० ची मिळाली तरी चालेल, बोर्ड ती २१३३ वरच चालवेल. सीपीयू-झी या सॉफ्टवेअरमध्ये १०६६ दिसलं म्हणून घाबरू नका, तिथे अर्धा आकडा दाखवतात.

एक आडवा प्रश्न: घड्याळ मागे पडतं का? रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करत असाल तर बोर्डावरची सीआर२०३२ (नाण्याएवढी बॅटरी) लवकर संपते, कारण स्टँडबाय वीज नसताना सगळा भार तिच्यावर. ती गेली की बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर जातात, फॅनची गतीसुद्धा. कॅबिनेट उघडलंच आहे तर बदलून टाका.

जिनिंगमागची_गल्ली

सगळं उघडलं. कापूसवात म्हणाले तशी गादी निघाली, आणि बोर्डाच्या मागून पाहिलं तर डावीकडची खालची पिन आरपार नव्हतीच. नवी पेस्ट, चारही टक्. कार्डाची फक्त पाती साफ केली. आता खोली ४० असताना सीपीयू ७३, क्लॉक ३.३ वर टिकून. जीपीयू ७७, फॅन ७० टक्के, क्लॉक १८३५. काउंटर-स्ट्राइक तासभर ८५-९५.

यूपीएसची परीक्षा: डेस्कटॉपवर टिकला, गेममध्ये लगेच पडला. भिंतीवर थेट अर्धा तास काही झालं नाही. एसएमपीएसवर १२ व्होल्टला १७ अँपिअर लिहिलंय, मोजल्यावर गेममध्ये ११.५. सी५ चा आकडा १६. घड्याळ मागे पडतच होतं, सेल बदलला.

आता एकदम सगळं घेणं जमणार नाही. क्रम सांगा.

वायरमनगिरी

आज कॉपी, उद्या एसएसडी. त्यानंतर एसएमपीएस: ११.५ मुभेत आहे पण काठावर, आणि तो गेला तर सोबत काय घेऊन जाईल सांगता येत नाही. ८० प्लस ब्राँझचा (वीज कमी वाया घालवल्याचा शिक्का असलेला) ५५० वॉट, १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या आसपास लिहिलेला बघा. जुन्या एसएमपीएसची एकही केबल नव्याला लावू नका; खोबण बसते, पण आतली जोडणी वेगळी असू शकते. मग यूपीएसची बॅटरी. रॅम सगळ्यात शेवटी.

बॅटरी येईपर्यंत गेम भिंतीवरूनच, आणि लाईट डिम दिसली की बंद.

चाळीसगाव_घाट

कॉपी करताना आधी लहान, कामाच्या फाइली. गेमचे फोल्डर अजिबात नाही, ते पुन्हा उतरवता येतात. एखाद्या फाइलीवर अडकली तर ती सोडून पुढे जा, पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. आणि पहाटे करा, खोली गार असते तेव्हा.